निस्तार : घर राहते करणारा एक जुना शब्द



आपल्या भागात मुलीची सोयरीक जुळवताना पुरुषमंडळी वाडा केवढा आणि शेती किती, हे विचारीत. घरातल्या जुन्या बाया मात्र दुसरेच काही विचारीत. आमची आजी म्हणायची, "वाडा नोको पाहू, पानी पाह्य." विहीर घरापासून किती लांब, ती वैशाखात टिकते का, जळतण कुठून आणावे लागते, ढोरांना चरायला जागा आहे का, अंगण सारवायला माती कुठे मिळते, हे तिचे प्रश्न असत. त्या घरात आयुष्य काढायचे मुलीला होते, आणि आयुष्य निघते की नाही हे भिंतींच्या बाहेरच्या गोष्टींवर ठरते, हे तिला अनुभवाने ठाऊक होते.

मंडळाने मला यंदा 'राहते घर' हा विषय दिला. घर राहण्याजोगे कशाने होते, असा त्याचा अर्थ मी घेतला. या प्रश्नावर कवींनी पुष्कळ लिहिले आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून कागदांकडे वळलो. तेव्हा लक्षात आले की आजीच्या सगळ्या प्रश्नांना आपल्या महसुली कागदांत एकच नाव आहे. ते नाव निस्तार. आज या एका शब्दाचा इतिहास तुमच्यापुढे मांडतो.

संस्कृतात निस्तार म्हणजे पार जाणे, तरून जाणे. मराठीत आपण 'आता तूच निस्तर' म्हणतो, तेव्हा तोच धातू वापरतो. पण सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, जुन्या मध्य प्रांतात, या शब्दाला एक व्यवहारी अर्थ आला. गावात राहणाऱ्या माणसाला घर चालवण्यासाठी जे लागते आणि जे त्याच्या स्वतःच्या मालकीचे नसते, ते गावच्या जमिनीतून, जंगलातून, पाण्यातून घेण्याचा त्याचा हक्क म्हणजे निस्तार. चुलीचे लाकूड, छपराचे बांबू आणि गवत, भिंतीची माती, ढोरांचा चारा, पिण्याचे पाणी, शेतात जायची पांदण, मेल्यावर जाळण्या-पुरण्याची जागा, हे सगळे त्यात येते. शेतसाऱ्याच्या कागदात जमीन मोजलेली असते. निस्ताराच्या कागदात राहणे मोजलेले असते.

हा हक्क ब्रिटिशांनी दिला नाही. तो त्यांच्या आधीपासून होता आणि त्यांनी तो लिहून घेतला. आपला मुलूख देवगडच्या गोंड राजांचा, पुढे नागपूरकर भोसल्यांचा. घाटावरचा छिंदवाडा आणि घाटाखालचे सौंसर-पांढुर्णा यांत फरक आहे. सिलेवानीचा घाट उतरला की जमीन काळी होते आणि बोली मराठी होते. या घाटाखालच्या मुलखात, मराठी गावांत सर्वत्र असे तसे, गावाचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. काळीत कोणाचा किती हिस्सा हे पाटलाच्या आणि पांड्याच्या मोडी कागदांत असे. पांढरीवर राहणाऱ्याला मात्र कोणी जागेचा कागद देत नसे. तो गावचा आहे, हेच त्याचे प्रमाण. वाढई, खाती, कुंभार, म्हाली, वरठी, कोतवाल यांच्याजवळ बहुधा काळीतले फारसे काही नसे. ते पांढरीच्या आधाराने राहत आणि गाव त्यांच्या आधाराने राहत असे.

डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. 1861 साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्याच दशकात पहिला मोठा जमाबंदीचा फेरा झाला. सारा वसूल करून देणाऱ्या पाटलांना आणि इजारदारांना सरकारने गावाचे मालक ठरवले. तेच आपले मालगुजार. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पांढरीला मालक नव्हता, तिला आता मालक मिळाला. पडीक, झुडपी जंगल, तळे आणि गावठाण यांवर मालगुजाराचे नाव लागले. साधारण रीत अशी पडली की घराचे लाकूड-कवेलू राहणाऱ्याचे आणि घराखालची जागा मालगुजाराची. कुळाने गाव सोडले तर तो वासे काढून नेऊ शके, जागा मात्र मागे राही.

मग राहणाऱ्याचे संरक्षण कशात होते? ते एका कागदात होते. त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. नाव फारसी-अरबी आहे, पण त्यातले दोन्ही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. वाजिबचे आपण वाजवी केले आणि अर्ज तर अर्जच राहिला. वाजिब-उल-अर्ज म्हणजे सांगण्याजोगी, मांडण्याजोगी गोष्ट. जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाची वहिवाट या पत्रकात लिहून घेतली गेली. घरासाठी जागा कोणाला मिळते, झाडांचा हक्क कोणाचा, चराई कुठे, पाटाचे पाणी कोणत्या क्रमाने, खताचा उकिरडा कुणाचा, असे तपशील त्यात असत. इंग्रज अधिकाऱ्याने विचारले, गावच्या मंडळींनी सांगितले, कारकुनाने लिहिले. एखाद्या गावात माणसे कशी राहत होती हे पाहायचे असेल तर मी राजांच्या बखरीच्या आधी हे पत्रक उघडीन.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आपण जुनी घरे आहोत आणि जुन्या घरांना जुने सगळे गोड वाटते. 'गावच्या मंडळींनी सांगितले' असे मी म्हणालो. ही मंडळी कोण? पाटील, मालगुजार, मोठी कुळे. त्यांनी सांगितलेली वहिवाट म्हणजे सगळ्या गावाची वहिवाट नव्हे. कागदावर विहीर गावची असे आणि त्याच गावच्या कोतवालाच्या बायकोला त्या विहिरीवर घागर लावता येत नसे. कोणी वरून पाणी ओतील म्हणून ती वाट पाहत उभी राही. ज्या कागदाला आपण राहण्याचा कागद म्हणतो, त्याच्या आडून एका वस्तीचे राहणे रोज अवघड केले जात होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याचा अर्थ या दृष्टीने पाहावा. तो निस्ताराचाच लढा होता. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे सांगण्याचा लढा. 1950 च्या संविधानात पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात जात आड येऊ शकत नाही असे ठरवले. हे चारही शब्द निस्ताराच्या यादीतले आहेत. राज्यघटना लिहिणाऱ्यांना माहीत होते की माणसाचे जगणे कुठे अडवले जाते.

दुसरी अडवणूक जंगलात झाली. 1865 आणि 1878 च्या वनकायद्यांनी सातपुड्याची जंगले राखीव होत गेली. ज्या डोंगरातून घराचे बांबू आणि म्हशीचे गवत येत असे, तिथे गार्ड उभा राहिला. निस्तार पूर्ण बंद झाला नाही, पण त्याला परवाना, फी आणि दंड चिकटले. म्हणूनच 1930 च्या सविनय कायदेभंगात, समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या प्रांताने मिठाच्या जागी गवत निवडले. जुलै 1930 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. आपल्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात गोंड आणि कोरकू हजारोंनी जंगलात शिरले. शिवनी जिल्ह्यात तुरिया येथे 9 ऑक्टोबर 1930 रोजी गोळीबार झाला आणि त्यात बायाही मेल्या. शाळेच्या पुस्तकात दांडी येते आणि हे बहुधा एका ओळीत आटोपते. विळ्याने कापलेला गवताचा भारा हे स्वातंत्र्याचे चिन्ह का झाले, हे ज्याच्या घरी ढोरे होती त्याला समजावून सांगावे लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली. पडीक, जंगल, तळी, गावठाण आणि बाजार यांवरचे मालगुजारांचे हक्क सरकारकडे आले. मालगुजारांची स्वतःची राहती घरे आणि खासगी विहिरी त्यांच्याकडे राहिल्या. या सभागृहात त्या घरांतले काही जण असतील आणि त्यांच्या कुळांच्या घरांतलेही असतील. दोघांच्या मधले जे होते, ते आता सरकारी झाले. ते गावाचे राहील याची तजवीज करणे बाकी होते.

तेवढ्यात 1956 आले. राज्य पुनर्रचना आयोगाने फेररचनेसाठी साधारणपणे जिल्हा हे एकक धरले. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्यासोबत घाटाखालची आपली मराठी गावेही राहिली. काटोल, नरखेड, वरूड आणि सावनेरची सोयरीक दुसऱ्या राज्यात गेली. कालपर्यंत नागपूर आपली राजधानी होती, ती एका दिवसात भोपाळला गेली. यावर बोलताना आपल्या घरांत अजूनही आवाज चढतो. पण आपली माणसे उठून पलीकडे गेली नाहीत. का गेली नाहीत, याची उत्तरे वेगवेगळी दिली जातात. माझे उत्तर साधे आहे. राज्य बदलले तरी विहीर, पांदण, आखर आणि स्मशान बदलले नव्हते. संत्र्याची बाग उचलून नेता येत नाही. नव्या राज्याच्या पहिल्या सकाळीही ढोरे त्याच आखरावर जमली.

आणि निस्तार हा शब्द दोन्ही बाजूंना टिकला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मध्य प्रदेशाच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही नावे आहेत. सात वर्षांनी, 1966 साली, महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता झाली. तिच्यातही हीच दोन नावे आहेत, कारण विदर्भातल्या गावांचा व्यवहार त्यांच्यावाचून चालत नव्हता. भूगर्भशास्त्रज्ञ नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाटापर्यंतच्या मँगनीजच्या जुन्या खडकांना 'सौंसर' हेच नाव देतात, सीमा पाहत नाहीत. महसूल खात्यानेही या एका बाबतीत सीमा पाहिली नाही.

1959 च्या संहितेचे 237 वे कलम एकदा मोठ्याने वाचून पाहावे. गावच्या मोकळ्या जमिनीतून जिल्हाधिकाऱ्याने कशाकशासाठी जागा राखून ठेवायची, त्याची ती यादी आहे. जळतण आणि इमारती लाकूड. चराई, गवत आणि चारा. स्मशान आणि दफनभूमी. गावठाण. वाटसरूंचा पडाव. खळे. बाजार. कातडी सोलण्याची जागा. खताचे खड्डे. शाळा, खेळाचे मैदान, रस्ते, गल्ल्या, नाल्या. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण या यादीत जन्मापासून मरणापर्यंतचे गाव येऊन बसले आहे. मुलाला खेळायला, बाईला पाणी-सरपणाला, शेतकऱ्याला मळणीला, परक्याला रात्रीच्या मुक्कामाला, मेलेल्याला शेवटच्या जागेला. आमच्या आजीने ही यादी पाहिली नव्हती. तिचे प्रश्न मात्र हेच होते.

आता आजच्या दिवसाकडे येतो. तुम्ही म्हणाल, सिलिंडर आला, घरात नळ आला, ट्रॅक्टर आला, कवेलूंच्या जागी स्लॅब आली. आता निस्तार कशाला? प्रश्न योग्य आहे. चुलीच्या धुराने डोळे गमावलेल्या बायांच्या वतीने मी गॅसचे स्वागतच करतो. पण नळाचे पाणी येते ते आकाशातून नव्हे. ते त्याच जमिनीच्या पोटातून येते, जिच्यात आपण बागांसाठी एकाहून एक खोल बोअर घेतले. मोटेच्या काळात विहीर किती उपसायची हे बैलांच्या दमाने ठरे. पंपाला दम लागत नाही. गावची सामाईक विहीर आटली तेव्हा ती कोणी बुजवली नाही, ती शेजारच्या बोअरने आटली. नळ घरात आहे, पाणी मात्र अजून सामाईकच आहे. फक्त ते सामाईक आहे हे दिसेनासे झाले.

जमिनीचेही तसेच झाले. 2002 च्या आसपास मध्य प्रदेशात चराईची जमीन, जिला इथे चरणोई म्हणतात, तिचे प्रमाण कमी करून भूमिहीन दलित आणि आदिवासी कुटुंबांना पट्टे दिले गेले. शतकानुशतके ज्यांना काळीत वाटा नव्हता त्यांना जमीन मिळावी, हे न्यायाचेच होते. पण खरे सांगायचे तर चरणोई त्यांनी खाल्ली नाही. पांदणीत आपले कुंपण दोन हात पुढे सरकवणारे, आखरावर गोदाम बांधणारे, नाल्याच्या काठची माती ट्रॉल्यांनी नेणारे हात बहुधा ऐपतदारांचे होते. आपलेही असतील. पंजाबातल्या एका गावच्या तळ्याच्या खटल्यात, जगपाल सिंग प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी सर्व राज्यांना गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याची योजना करायला सांगितले. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने मिळालेले पट्टे, आणि आधीच उभी असलेली शाळा किंवा दवाखाना, हे अपवाद होऊ शकतात असेही म्हटले. गरजेसाठी घेतलेले आणि हव्यासाने घेतलेले यांत न्यायालयाने फरक केला. आपणही तो करायला हवा.

24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाणाचे नकाशे होऊ लागले आणि घरमालकांना घराचे कागद मिळू लागले. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही त्यात आहेत. मालगुजाराच्या जागेत, मग सरकारच्या जागेत दीडशे वर्षे राहिलेल्या माणसाला प्रथमच आपल्या पांढरीचा कागद हातात मिळतो. त्यावर कर्ज मिळते, वाटणी सुकर होते. ही मोठी गोष्ट आहे. पण हा कागद भिंतीपर्यंत येऊन थांबतो. भिंतीच्या बाहेरचा कागद निस्तार पत्रकच आहे, आणि तो आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला आहे. माझी भीती अशी की आपण हळूहळू फक्त पहिल्या कागदाची माणसे होऊ. घर पक्के, नावावर, मोजलेले, आणि बाहेर पाऊल टाकायला पांदण नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. घाट चढून छिंदवाड्याला जाण्याची पिढ्यांची पायपीट बरीच कमी झाली. जिल्हा म्हणजे पाटी, इमारत आणि गाड्या, एवढेच आपण मानतो. पण कायद्याने चराई, स्मशान, खळे आणि मैदान राखून ठेवण्याची जबाबदारी ज्या जिल्हाधिकाऱ्यावर आहे, तो आता आपल्या गावात बसतो. निस्तार पत्रक करताना त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करावा आणि रहिवाशांची इच्छा जाणून घ्यावी, असे संहितेतच आहे. दीडशे वर्षांपूर्वी गावची वहिवाट सांगायला चार मोठी माणसे बसली होती. आता सांगायला सगळे गाव बसू शकते, ज्यांना तेव्हा विहिरीपासून दूर उभे केले होते तेही आणि ज्या बायांना कोणी विचारले नव्हते त्याही.

म्हणून माझी विनंती तीन कामांची आहे. पहिले, आपापल्या मूळ गावच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढा. तुम्ही आज गावात राहत नसाल, नागपूर-पुण्यात स्थायिक असाल, तरी काढा. दुसरे, घरच्या पेटीत जुने मोडी कागद असतील तर वाळवीच्या आधी ते वाचणाऱ्याच्या हाती द्या. पत्रकातले खसरे आता नंबर झाले आहेत, पण त्या जागांची नावे, कोणत्या नाल्याला काय म्हणत, आखर कुठे होता, कोणत्या आंब्याखाली पडाव पडे, हे त्या कागदांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मराठीत आहे. ती नावे गेली तर जागा सिद्ध करणेही कठीण होईल. तिसरे काम जड आहे. पत्रक आणि जागा ताडून पाहा, आणि आपल्याच कुंपणात गावचे काही आले असेल तर ते आधी आपण सोडा.

येत्या पोळ्याला बैल सजवून आपण आखरावर नेऊ. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव गोटमारीला समोरासमोर उभे राहतील. वर्षाचे बाकीचे दिवस दोन्ही काठांना तीच एक नदी असते. पोळ्याच्या सकाळी, बैल आखरावर उभे असताना, गावातल्या चार म्हाताऱ्यांना आणि चार म्हाताऱ्या बायांना विचारा की हा आखर पूर्वी कुठपर्यंत होता. त्यांनी हात करून दाखवलेली हद्द लिहून घ्या, आणि खाली तारीख घाला.